लघवीच्या मार्गातील जखमा आणि शरीराचा 'डिंक'

गेल्या पंधरवड्यात एका निवृत्त गुरुजींनी मला दवाखान्यात गाठून एक प्रश्न विचारला. त्यांच्या मेहुण्यांचे मुतखड्याचे ऑपरेशन पाठीतून दुर्बीण घालून झाले. खडा काढल्यावर सर्जनने त्या भोकात 'डिंक' भरला, असे मेहुण्यांनी फोनवर सांगितले. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, शरीरात डिंक? मग आता टाके आणि नळ्या बंदच होणार म्हणायचे!"

प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र अर्धे 'हो' आणि अर्धे 'नाही' असे आहे. यातला 'नाही'चा भाग नीट न सांगितल्यामुळे माझ्याच एका पेशंटला फार सोसावे लागले. ती हकीकत पुढे येईलच. आधी हा डिंक म्हणजे काय आणि लघवीच्या मार्गात त्याची गरज का पडते, ते पाहू.

आपल्या पाठीच्या बाजूला दोन मूत्रपिंडे असतात. तेथे तयार झालेली लघवी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या दोन बारीक मूत्रवाहिन्यांतून खाली मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत जमा होते आणि तेथून मूत्रमार्गाने बाहेर पडते. या सगळ्या मार्गाला आतून एक पातळ अस्तर असते. हे अस्तर मोठे गुणी आहे. त्याला जखम झाली तर ते शेजारून भराभर वाढते आणि जखम झाकू लागते. मूत्राशयाची भिंत नीट शिवली तर साधारण तीन आठवड्यांत पुष्कळशी पूर्वीसारखी मजबूत होते. म्हणजे निसर्गाने येथे हात आखडता घेतलेला नाही.

अडचण वेगळीच आहे. हाताला विळी लागली तर आपण जखम कोरडी ठेवतो, पट्टी बांधतो, चार दिवस तो हात पाण्यात घालत नाही. लघवीच्या मार्गातल्या जखमेला ही सोय नाही. मूत्रपिंड रविवारची सुट्टी घेत नाही. दिवसाला साधारण दीड लिटर लघवी त्या जखमेवरून वाहतच राहते. शिवाय मूत्राशय भरला की ताणला जातो आणि टाक्यांवर ओढ पडते. जखमेच्या फटीतून लघवी बाहेर झिरपली तर भोवतालचा भाग सुजतो, त्यात जंतू वाढतात, पू होतो. पुढे कधी तेथे कायमची वाट पडते, तिला आम्ही फिस्टुला म्हणतो. कधी उलटे होते. जखम भरते, पण आवळून भरते आणि लघवीची धार दोऱ्यासारखी बारीक होते.

घरावरची पाण्याची टाकी गळू लागली तर गवंडी काय करतो? आधी टाकी रिकामी करतो, मगच सिमेंट लावतो. वाहत्या पाण्यावर लावलेले सिमेंट कितीही भारी असले तरी टिकत नाही. मूत्रशल्यविशारद, म्हणजे युरॉलॉजिस्ट, हेच करतात. लघवीला दुसरी वाट करून द्यायची आणि जखमेला विश्रांती द्यायची. मूत्राशयासाठी ही वाट म्हणजे रबराची वा सिलिकॉनची नळी, कॅथेटर. मूत्रवाहिनीसाठी दोन्ही टोकांना वळलेली बारीक नळी आत ठेवतात. टोके इंग्रजी 'जे' अक्षरासारखी असतात म्हणून तिला 'डीजे स्टेंट' म्हणतात. (मिरवणुकीतल्या डीजेशी हिचा संबंध नाही. पेशंट हटकून विचारतात, म्हणून सांगतो.)

नळीचा हा गुण किती मोठा आहे, याचे एक उदाहरण देतो. मोटारसायकलच्या अपघातात कंबरेचे हाड मोडले की कधी कधी मूत्राशयही फाटतो. तो पोटाच्या पोकळीत फाटला तर लघवी पोटात पसरते आणि ऑपरेशन करावेच लागते. पण तो पोकळीच्या बाहेरच्या बाजूला फाटला असेल, हाडाचा तुकडा आत घुसलेला नसेल आणि दुसरी गुंतागुंत नसेल, तर पुष्कळदा एकही टाका न घालता दहा ते चौदा दिवस कॅथेटर ठेवून तो आपोआप भरून येतो.

आता डिंकाकडे वळू. सुईने टाका घालायचा म्हणजे तेथे सुईचे एक नवे भोक पडणारच. नाजूक जागी, किंवा मूत्रपिंडासारख्या मऊ अवयवावर, या भोकांतूनही रक्त आणि लघवी झिरपते. टाक्यांवरून एखादा पातळ थर देता आला तर बरे, या गरजेतून जखम चिकटवणाऱ्या पदार्थांचा शोध सुरू झाला. त्यात लघवीच्या मार्गासाठी सर्वांत जास्त वापरला गेला तो फायब्रिनचा डिंक.

हा डिंक झाडाचा नाही आणि कारखान्यातल्या रसायनाचाही नाही, तो रक्तातून येतो. भाजी चिरताना बोट कापले की काही मिनिटांत रक्त थांबते. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे विरघळलेले प्रथिन असते. जखम झाली की थ्रॉम्बिन नावाचे दुसरे द्रव्य तयार होते. दुधात विरजण पडावे तसे ते फायब्रिनोजेनवर काम करते आणि फायब्रिनच्या तंतूंचे जाळे तयार होते. या जाळ्यात रक्तपेशी अडकतात, तीच रक्ताची गुठळी. पुढे याच जाळ्याचा आधार घेऊन नव्या पेशी जखमेत शिरतात, जसा गवंडी पराती बांधून भिंतीवर चढतो. भिंत झाली की परात सोडतात, तसे हे जाळेही साधारण दोन आठवड्यांत विरघळून जाते.

डिंक करताना हेच दोन पदार्थ वेगवेगळ्या सिरिंजमध्ये भरतात. आपल्या रक्तद्रवात दर मिलिलिटरला दोन ते चार मिलिग्रॅम फायब्रिनोजेन असते, डिंकात ते शंभर मिलिग्रॅमच्या आसपास असते. दोन्ही सिरिंजच्या तोंडाला एक जोडनळी असते. दट्टे एकदम दाबले की पदार्थ टोकाशी मिसळतात आणि काही सेकंदांतच जखमेवर पांढुरका, रबरासारखा थर बसतो. दह्याला रात्र लागते, येथे घड्याळाचा सेकंदकाटा पुरतो.

ही कल्पना जुनी आहे. १९०९ मध्ये बेर्गेल नावाच्या जर्मन डॉक्टरने रक्त थांबवण्यासाठी फायब्रिनची पूड वापरली. १९४० मध्ये यंग आणि मेडावर या शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या तुटलेल्या नसा अशा प्रकारे जोडून पाहिल्या. यांतल्या मेडावर यांना पुढे, १९६० मध्ये, दुसऱ्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. लघवीच्या मार्गातला पहिला गाजलेला वापर मात्र जोडण्यासाठी नव्हताच. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. डीस यांनी मूत्रपिंडाच्या पोकळीत हे मिश्रण भरले, त्याची घट्ट गुठळी होऊ दिली आणि ती बाहेर काढताना तिच्यात रुतलेले बारीक खडेही काढून आणले. वडीत शेंगदाणे रुततात तसे! मला ही युक्ती फार आवडते. त्या काळच्या मिश्रणात फायब्रिनोजेन कमी असे, त्यामुळे जोड कच्चा राही. १९७२ मध्ये व्हिएन्नाच्या डॉ. हेलेने मात्रास यांनी दाट फायब्रिनोजेन वापरून नस जोडली आणि तेथून आजच्या डिंकाला दिशा मिळाली.

पण हा डिंक अनेक दात्यांच्या एकत्र केलेल्या रक्तद्रवापासून बनतो, त्यामुळे काविळीचे विषाणू त्यातून पसरण्याची भीती होती. त्याच कारणाने अमेरिकेने १९७७ मध्ये फायब्रिनोजेनच्या तयार औषधांचे परवाने काढून घेतले आणि फायब्रिन डिंकाला तेथे १९९८ मध्ये परवानगी मिळाली. आता दात्यांच्या तपासण्या होतात आणि विषाणू निकामी करण्याच्या प्रक्रियाही होतात. धोका अगदी शून्य झाला असे कोणी म्हणू नये, पण तो फार कमी झाला आहे.

आज हा डिंक कोठे वापरतात? मूत्रपिंडातली गाठ काढून उरलेले मूत्रपिंड वाचवताना, कापलेल्या भागावर. मूत्रवाहिनीच्या किंवा मूत्रमार्गाच्या शिवणीवर जादा थर म्हणून. जन्मतः लघवीचे भोक खालच्या बाजूला असलेल्या मुलांच्या दुरुस्तीत. पाठीतून खडा काढल्यावर दुर्बिणीची वाट बुजवायलाही काही सर्जन तो वापरतात, मात्र निवडक रुग्णांत ती वाट काहीही न भरता सोडली तरी भरून येते, असाही पुष्कळांचा अनुभव आहे. हा डिंक थोडासा घ्यायचा तरी हजारो रुपये लागतात. तेव्हा 'डिंक लावला नाही म्हणजे ऑपरेशन जुन्या पद्धतीचे झाले' असा समज करून घेऊ नये.

येथे निसर्गाची एक गंमत सांगितली पाहिजे. आपल्या लघवीतच फायब्रिन विरघळवणारे एक द्रव्य असते, युरोकायनेज. मूत्रमार्गात रक्ताच्या गुठळ्या अडकू नयेत, म्हणून निसर्गाने केलेली ती सोय असावी. हे युरोकायनेज माणसाच्या लघवीतून वेगळे काढून रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या विरघळवण्याचे इंजेक्शनही बनवले गेले. आता विचार करा. ज्या डिंकाने भोक बुजवायचे, तो विरघळवणारे औषध त्याच भोकातून दिवसरात्र वाहते आहे! म्हणून डिंकात विरघळण्याचा वेग कमी करणारे ॲप्रोटिनिन नावाचे द्रव्य घालतात. तरीही लघवी बाजूला वळवलेली नसेल तर डिंक हरतो.

मग न विरघळणारा, घट्ट डिंक का नको? असा डिंक आहे, सायनोअॅक्रिलेट. घरात तुटलेली वस्तू क्षणात जोडणारा आणि बोटे एकमेकांना चिकटवणारा जो डिंक मिळतो, त्याच कुळातला. त्याचा वैद्यकीय प्रकार कातडीवरच्या जखमा जोडायला उत्तम आहे. पण लघवीच्या मार्गात जी वस्तू दीर्घकाळ पडून राहते तिच्यावर क्षार बसतात आणि खडा तयार होतो. याच कारणाने तेथे टाकेसुद्धा विरघळणाऱ्या धाग्याचेच घालतात. (जाता जाता, दुकानातला डिंक घरी जखमेवर लावू नये. वर्षाकाठी असा एखादा तरी पेशंट येतोच.)

आता ती हकीकत. सोळा वर्षांपूर्वीची. जवळच्या वाडीवरच्या एक बाई, वय पंचेचाळीसच्या आसपास. गर्भाशयात गाठी होत्या, अंगावरून फार जाई, म्हणून बाहेरगावच्या एका रुग्णालयात गर्भाशय काढले. घरी आल्यावर, ऑपरेशननंतर दहा-बारा दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या. जळजळ होते, अंग ओले राहते, एवढेच खाली मान घालून म्हणाल्या. मी लघवीचे इन्फेक्शन समजून गोळ्या दिल्या. आठवड्याने पुन्हा आल्या, मी गोळ्या बदलल्या. "ताई, ऑपरेशननंतर थोडा अशक्तपणा असतो," असा धीरही दिला.

तिसऱ्या वेळी त्यांची सून एकटीच आली. म्हणाली, "डॉक्टर, आत्या तुम्हाला सांगायच्या नाहीत. पण त्या आता आमच्यात बसत नाहीत. पडवीत पोतं टाकून झोपतात. पाणीसुद्धा पीत नाहीत, तांब्याभर दिवसभर पुरवतात."

तेव्हा कोठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन प्रश्न मी विचारलेच नव्हते. लघवी थेंब थेंब सतत गळते का? आणि झोपेतही गळते का? दोन्हींचे उत्तर 'हो' होते. मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडले होते. पूर्वी अडलेल्या बाळंतपणात बाळाचे डोके तासन्‌तास अडकून राही आणि मधला भाग दबून मरत असे, हे याचे मोठे कारण होते. आता आपल्याकडे गर्भाशयाच्या ऑपरेशननंतरही हे रुग्ण दिसतात. यात त्या बाईचा काडीचाही दोष नसतो. पाणी कमी प्यायल्याने गळणे थांबत नाही, उलट लघवी तीव्र होऊन कातडी सोलवटते आणि खड्याची भीती वाढते.

मी त्यांना मोठ्या शहरातल्या युरॉलॉजिस्टकडे पाठवले. मूत्राशयात निळे औषध भरून, योनिमार्गात कापसाचे बोळे ठेवून तपासणी झाली. बोळा निळा झाला, म्हणजे गळती मूत्राशयातूनच. (बोळा ओला झाला पण निळा झाला नाही, तर दोष मूत्रवाहिनीत असू शकतो.) भोक काही मिलिमीटरचेच होते. लहान भोक कधी कधी नुसत्या कॅथेटरने मिटते, म्हणून आधी चार आठवडे नळी ठेवली. गळणे कमी झाले, थांबले नाही. मग युरॉलॉजिस्टनी त्या वाटेचे अस्तर खरवडून तीत फायब्रिनचा डिंक भरला. यश येईलच असे नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. लहान भोकांत काहींना गुण येतो, काहींना येत नाही. मोठ्या भोकात तर डिंकाचे काम नव्हेच. नळी तीन आठवडे ठेवायची, हेही कागदावर लिहिले होते.

घरी जाताना मंडळी माझ्या दवाखान्यात थांबली. बाहेर रांग होती. बाईंच्या मालकांनी विचारले, "नेमकं काय केलं, डॉक्टर?" मी घाईत म्हणालो, "डिंकानं भोक बुजवलंय. फेव्हिकॉलसारखं समजा." ते समाधानाने गेले.

पहिले दहा दिवस बाई कोरड्या होत्या. कित्येक दिवसांनी घरात येऊन झोपल्या. अकराव्या रात्री नळीतून लघवी यायची थांबली. नळी बहुधा अंगाखाली मुडपली असावी किंवा तीत गाळ अडकला असावा. पोट फुगले, कळा सुरू झाल्या. रात्री वाडीवरून गाडी मिळेना. शेजारच्या एकाने कधीकाळी दवाखान्यात काम केले होते, त्याने नळीचा फुगा सोडवला आणि नळी काढून टाकली. मालकांनीही संमती दिली. "डॉक्टरांनी चिकटवलंय म्हणाले ना, मग आता नळी कशाला?" असा त्यांचा हिशेब. बाईंना तात्पुरते बरे वाटले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गळू लागले.

नळी राहिली असती तर भोक मिटलेच असते, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ती नळी कशासाठी आहे हे मी दोन मिनिटे थांबून सांगितले असते, तर त्यांनी ती काढली नसती, हे नक्की. माझ्या एका सोप्या उपमेने त्यांची समजूत पक्की चुकीची करून दिली. फेव्हिकॉल सुकला की त्याचे काम झाले. फायब्रिनचा डिंक लावला म्हणजे काम नुकते सुरू झाले. जोडणारा तो नसतो, जोडतात त्या शरीराच्या पेशी. त्यांना परात हवी आणि कोरडी जागा हवी. परात डिंकाने मिळते, कोरडी जागा नळीने.

तीन महिन्यांनी सूज उतरल्यावर बाईंचे ऑपरेशन झाले. भोकाच्या दोन्ही बाजू वेगळ्या करून शिवल्या आणि मध्ये जवळच्याच चरबीचा, रक्तपुरवठा असलेला तुकडा बसवला. १९२८ मध्ये मार्टियस नावाच्या जर्मन डॉक्टरने दाखवलेली ही पद्धत आजही वापरतात. नळी पुन्हा तीन आठवडे होती. या खेपेला मी दर तीन दिवसांनी वाडीवर जात असे. चौथ्या आठवड्यात नळी निघाली. बाई कोरड्या झाल्या, त्या आजतागायत.

या आजारावरचे यश फार महागात मिळालेले आहे. अमेरिकेत माँटगोमेरी येथे १८४० च्या दशकात डॉ. सिम्स यांनी गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा ऑपरेशने करून ही शिवण साधली. त्यांतल्या ॲनार्का नावाच्या तरुणीवर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. चांदीच्या तारेचे टाके आणि शिवल्यावर लघवी सतत बाहेर काढणारी नळी, या दोन्हींवर सिम्स यांचा भर होता.

घरी कॅथेटर असेल तर काय पाहावे? नळी मांडीला पट्टीने चिकटवावी, म्हणजे ओढ बसत नाही. पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी, पण जमिनीवर लोळू नये. झोपताना नळीला पीळ किंवा मुडप नाही ना, ते घरच्यांनी हाताने चाचपून पाहावे. पाणी किती प्यावे हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल तर भरपूर प्यावे. चार तासांत पिशवीत काहीच आले नाही, पोट फुगले, थंडी वाजून ताप आला किंवा गुठळ्या दिसल्या, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. बंद झालेली नळी पुष्कळदा सिरिंजने धुऊन मोकळी होते, नाहीतर बदलता येते. नळी घरी काढू नये.

ओटीपोटाच्या कोणत्याही ऑपरेशननंतर किंवा बाळंतपणानंतर सतत ओले राहत असेल, एका कुशीला दुखत असेल, पोट फुगत असेल, तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना लगेच दाखवावे आणि लाज न बाळगता 'झोपेतही गळते' हे स्पष्ट सांगावे. अपघातात किंवा उंचावरून पाय फाकून पडल्यावर लघवीच्या तोंडाशी रक्त दिसले, तर लघवी होण्यासाठी जोर करू नये आणि कोणाकडून घाईने नळी घालून घेऊ नये. अर्धवट फाटलेला मार्ग त्याने पूर्ण फाटू शकतो.

गुरुजींना हे सर्व सांगून झाल्यावर मी विचारले, "मेहुण्यांच्या आत डीजे स्टेंट ठेवलाय का?" ठेवला होता. हा स्टेंट बाहेरून दिसत नाही, दुखायचा थांबला की विसरला जातो, आणि महिनोन्‌महिने आत राहिला तर त्यावरच खडे जमून मूत्रपिंड धोक्यात येते. "काढायची तारीख कोणती?" गुरुजींनी तेथूनच फोन लावला. पलीकडे बराच वेळ कोणीच बोलेना. मग मेहुणे म्हणाले, "ते काढायचंही असतं का?" डिस्चार्जचा कागद शोधून मला वाचून दाखवा, असे सांगून मी पुढच्या पेशंटला आत बोलावले. संध्याकाळी गुरुजींचा निरोप आला. तारीख पाच आठवड्यांपूर्वीच उलटून गेली होती. मेहुणे दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने रुग्णालयात जायला निघाले.